बर्फातली नोकरी: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली बाय कारगिलला गणित शिकवते, त्याचा पूर्ण हिशोब

माझ्याकडे बीएड झालेली मुलंमुली येत असतात, बहुतेक डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची, आणि प्रश्न फिरून फिरून तोच असतो, सर, केंद्राच्या शाळेची परीक्षा निघाली पण पोस्टिंग लांबचं आलंय, घेऊ की सोडू? लांबचं म्हणजे कधी अरुणाचल, कधी मिझोरम, कधी लडाख. घरच्यांनी आधीच नको म्हटलेलं असतं आणि पोराला आतून जायचं असतं. अशा वेळी जा किंवा नको जाऊ असं एका शब्दात सांगणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून एक केस पूर्ण लिहून ठेवतोय, माझ्या मामेबहिणीची. घरात सगळे तिला बाय म्हणतात, मीही इथं बायच म्हणतो. तिला विचारूनच लिहितोय, शाळेचं नाव मात्र देत नाही कारण तिची नोकरी चालू आहे.

बाय सत्तरी तालुक्यातली, वाळपईपासून बरंच आत गाव. घरचं कुळागर आहे, सुपारी, नारळ, थोडी मिरी, केळी. मामा अजून स्वतः राबतो, धाकटा भाऊ वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला जातो. बाय गणितात बीएस्सी, मग बीएड, आणि शिकवायला खरंच चांगली, हे बहीण म्हणून नाही सांगत, मी तिचे तास बघितलेत. गोव्यात गणिताच्या शिक्षकाला काम मिळतं हो, नोकरी मिळत नाही. तिनं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, तीन शाळा केल्या. जूनमध्ये घेतात, वर्ष संपलं की सोडतात, सुट्टीच्या महिन्याचे पैसे नाहीत, ताप आला तर तास बुडला आणि तासाबरोबर पैसेही बुडाले. एका शाळेत तर महिनोन्महिने मानधनाचा पत्ता नव्हता, आणि विचारायला गेलं की ऑफिसात सांगणार फाईल वर गेलीय. त्यात आमच्या भागात पट घसरतोय, पट घसरला की तुकडी कमी, तुकडी कमी झाली की गणिताचे तास कमी, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढंही मिळेल का माहीत नाही. कायम शिक्षकाचा पगार गोव्यातही चांगलाच आहे, वेतन आयोगाप्रमाणेच मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दारातून आत शिरेपर्यंत माणसाची पस्तिशी उलटते.

सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन तिनं आधीच काढलेला होता. २०२२ च्या शेवटी केंद्राच्या शाळांची मोठी भरती निघाली त्यात तिनं फॉर्म भरला, लेखी झाली, इंटरव्ह्यू झाला, आणि २०२३ च्या पावसाळ्यानंतर ऑर्डर आली. टीजीटी, म्हणजे सहावी ते दहावीची शिक्षिका, गणित, जिल्हा कारगिल.

कारगिल हे नाव ऐकूनच मामी रडायला लागली. आपल्याकडे कारगिल म्हणजे १९९९ चं युद्ध, टीव्हीवर बघितलेल्या त्या शवपेट्या, दुसरं काही माहीतच नाही. मामा काहीच बोलला नाही, माझी आई म्हणाली पोरीला एकटीला तिथं पाठवायची गरजच काय. मी तेव्हा एवढंच म्हटलं की नकाशा उघडून बसूया. तासभर बसलो सगळे. द्रास कुठं, कारगिल कुठं, लेह कुठं, श्रीनगर कुठं, रस्ता कुठून जातो, कधी बंद होतो. घरच्यांची भीती बरीचशी नकाशा न बघितल्यामुळं असते, हे मी आता सगळ्यांनाच सांगतो, आधी नकाशा, मग चर्चा.

आता तो रस्ता समजून घ्या, कारण या नोकरीत सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. कारगिलला जायच्या मुख्य वाटा दोन. एक श्रीनगरकडून, सोनमर्गवरून झोजिला नावाचा घाट ओलांडून द्रास आणि मग कारगिल. झोजिला साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ आणि हिमस्खलनामुळं बंद होतो. पूर्वी चार-पाच महिने बंद असायचा, आता सीमा सडक संघटनेवाले खूप लवकर उघडतात, २०२५ मध्ये फक्त ३२ दिवस बंद राहिला आणि १ एप्रिलला उघडला. सोनमर्गच्या अलीकडचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, खुद्द झोजिलाखालच्या बोगद्याचं काम चालू आहे. दुसरी वाट लेहकडून, विमानानं लेह आणि तिथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास गाडीनं कारगिल. मध्ये फोटूला नावाचा घाट लागतो, चार हजार मीटरच्या वर, पण तो हिवाळ्यातही बहुतेक चालू ठेवतात. शिवाय हिवाळ्यात हवाई दलाचं एएन-३२ विमान कारगिल-श्रीनगर आणि जम्मू असं लोकांना ने-आण करतं, पण त्याला हवामान लागतं आणि नंबर लागावा लागतो. बायची शाळा कारगिल आणि द्रासच्या मधल्या पट्ट्यात, जिथं बर्फ खरंच पडतं. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक लडाख म्हणजे सगळीकडे बर्फ समजतात. लेहला थंडी भयानक पण बर्फ त्यामानानं कमी, कोरडा प्रदेश तो. द्रासकडे मात्र घराच्या दाराला टेकेपर्यंत बर्फ साचतं.

दुसरा गैरसमज, तिथले मास्तर हिवाळाभर बर्फात शिकवतात. तसं नाही. मोठी सुट्टीच हिवाळ्यात असते, साधारण डिसेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. उन्हाळ्याची सुट्टी नावापुरती. म्हणजे बर्फातलं शिकवणं नोव्हेंबरात, डिसेंबरच्या सुरुवातीला आणि मग मार्च-एप्रिलात, जेव्हा शाळा उघडलेली असते पण बर्फ वितळलेलं नसतं. खरी कसरत आहे ती सुट्टी लागल्यावर वेळेत बाहेर पडण्याची आणि शाळा उघडायच्या आत परत पोचण्याची. त्यात बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात, बर्फ ऐन भरात असताना, म्हणून ज्या शिक्षकाला परीक्षेची ड्युटी लागली त्याची सुट्टी तिथंच आखडली. प्रॅक्टिकल मात्र अशा थंड भागातल्या शाळांची सीबीएसई आधी उरकून घेते, नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणून नोव्हेंबरात शाळेत श्वास घ्यायला फुरसत नसते.

याचा घरावर काय परिणाम झाला ते बघा. बाय डिसेंबर ते फेब्रुवारी घरी, म्हणजे नेमकी सुपारीच्या हंगामात. मामाला याचा केवढा आधार झाला, काढणारा माणूस बघणं, सुकवणं, सोलायला बायका बोलावणं, बागायतदार सोसायटीत माल नेणं, हिशोब ठेवणं, सगळं ती बघते. माघातल्या जत्रा मिळतात. पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, नाही मिळत. गोव्यात चवथीला घरी नसणं म्हणजे काय हे बाहेरच्याला समजावता येत नाही, परदेशात असलेली माणसं रजा टाकून येतात, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला सगळं कुटुंब एकत्र येतं, आणि ही त्या वेळी पहिल्या युनिट टेस्टचे पेपर तपासत असते. होळीच्या वेळचा शिगमो नाही, काजूचा हंगाम नाही. पहिल्या चवथीला तिनं व्हिडिओ कॉलवर आरती बघितली आणि फोन ठेवून दिला, दोन दिवस कोणाशी बोलली नाही. ज्याला जायचंय त्यानं हे आधी मनाशी धरावं.

राहायचं कसं

शाळेचं क्वार्टर रिकामं नव्हतं म्हणून गावातल्या एका कुटुंबाकडे खोली घेतली. मला वाटतं हे तिच्या नशिबानं झालं, क्वार्टरमध्ये एकटी राहिली असती तर पहिलं वर्ष काढणं कठीण गेलं असतं. घरमालकीण तिच्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, शिना बोलणारी, हिंदी मोडकंतोडकं, पण बायला पहिल्याच आठवड्यात बुखारी पेटवायला तिनं शिकवलं. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, खोलीच्या मध्यावर ठेवलेली, तिचं धुराडं छतातून नाहीतर खिडकीतून बाहेर काढलेलं. आत लाकूड, कोळसा, शेणाच्या गोवऱ्या, वर कायम किटली. आधी काटक्या, मग जाड लाकूड, ते नीट धरलं की मग कोळसा, आणि खालची हवेची झडप किती उघडायची यावर सगळं. झडप जास्त उघडली की दोन तासांत कोळसा संपतो, कमी उघडली की धूर खोलीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटत्या बुखारीवर खोली बंद करून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो, दर हिवाळ्यात काश्मीर-लडाखकडून अशा बातम्या येतात. बाय झोपायच्या आधी विस्तव विझू देते आणि गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन दोन रजयांत शिरते. सकाळी बादलीतलं पाणी वरून गोठलेलं असतं, ते तांब्यानं फोडायचं. नळ रात्री बारीक धार सोडून ठेवला तर गोठत नाही, एकदा बंद राहिला आणि पाइप फुटला, मग दोन आठवडे लांबच्या हातपंपावरून पाणी.

स्वयंपाकाचं पण सांगतो, आपल्या मुलांना याचा काही अंदाज नसतो. एवढ्या उंचीवर पाणी ९० अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळं भात नुसता टोपात शिजत नाही. बायनं घरून उकडे तांदूळ नेले होते, पेजेशिवाय तिचं चालत नाही, ते टोपात दीड तास ठेवूनही दाण्यात कणी राहायची. कुकर नेल्यावर प्रश्न मिटला. खोबरेल तेल दगडासारखं होतं, गॅसचा सिलिंडर थंडीत गॅस सोडत नाही म्हणून खोलीच्या आत ठेवावा लागतो. ऑक्टोबरात गावात सगळ्यांची बेगमी चालू होते, बटाटे, गाजरं, सलगम जमिनीत खड्डा करून पुरून ठेवणं, पालेभाज्या आणि जर्दाळू सुकवणं, लाकूड रचणं. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मामी एकदम म्हणाली, म्हणजे आपलं पुरुमेंतच की. पावसाळ्याआधी आपण मिठातले आंबे, सोलां म्हणजे सुकवलेली कोकमं, सुकं मासळं भरून ठेवतो तसंच. त्या दिवसापासून मामीची भीती कमी झाली, तिथली माणसं पण आपल्यासारखी घर चालवणारी आहेत हे तिला पटलं असावं. आता दर फेब्रुवारीत बायच्या बॅगेत सोलां आणि सुकी सुंगटां, म्हणजे कोलंबी, असतात आणि परत येताना जर्दाळू.

वर्गातलं

मुलांच्या घरच्या भाषा शिना, पुरगी, बल्ती. आपसात बोलायला उर्दूमिश्रित हिंदी, पुस्तक इंग्रजी. बाय मराठी माध्यमातून शिकलेली, कोकणी बोलत वाढलेली, म्हणजे शिकवणारी आणि शिकणारे दोघंही तिसऱ्याच भाषेत भेटतात. सुरुवातीला तिला वाटायचं मुलं हुशार नाहीत, उत्तरच देत नाहीत. मग लक्षात आलं की उत्तर येतं पण वाक्य येत नाही, म्हणून तिनं बोलायच्या आधी फळ्यावर करून दाखवायची सवय लावली. मुलगा येतो, फळ्यावर मांडतो, मग शब्द.

सहावीला पूर्णांक शिकवताना आपल्याकडे दरवर्षी त्याच जागी अडतं. उणे आठ मोठं की उणे चौदा? गोव्यातली निम्मी मुलं चौदा मोठं म्हणतात, कारण त्यांनी उणे काही बघितलेलंच नसतं, फार तर लिफ्टमध्ये तळघराचं बटण. बायनं तिथं वर्गात विचारलं तर सगळ्यांनी एकदम उणे आठ म्हटलं. एका मुलीनं कारण सांगितलं, उणे आठला आम्ही बाहेर खेळतो, उणे चौदाला आई सोडत नाही. मग बायनं व्हरांड्यात थर्मामीटर टांगला, रोज सकाळचं आणि दुपारचं तापमान मुलांनी वहीत लिहायचं, फरक काढायचा, आठवड्याची सरासरी काढायची, आलेख काढायचा. नोव्हेंबरात सकाळी उणे अकरा आणि दुपारी अधिक दोन, फरक किती, तेरा, हे त्या पोरांना तोंडी येतं. ऋण संख्यांची वजाबाकी तिथं तिला फार शिकवावी लागली नाही. मला हे ऐकून फार बरं वाटलं, मी माझ्या वर्गात तीन तास घालवतो त्याला.

अडचणी पण आहेत. बॉलपेन थंडीत उमटत नाही, मुलं पेन तोंडाजवळ धरून फुंकर मारतात नाहीतर काखेत ठेवतात. एका वर्गात एक बुखारी, तिच्याभोवतीच्या मुलांना ऊब आणि मागच्या बाकावर काकडणं, म्हणून तिनं जागा रोज फिरवायचा नियम केला. ऊन असलं तर वर्ग बाहेर अंगणात भिंतीच्या आडोशाला. मार्चमध्ये जास्त बर्फ पडलं की लांबची मुलं येतच नाहीत, तो धडा परत घ्यावा लागतो, आणि अभ्यासक्रम तर सगळ्या देशाला एकच. त्यामुळं मे ते सप्टेंबर ती शनिवारीसुद्धा जादा तास घेते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी तिला एकदा म्हटलं, एवढं का करतेस, तर म्हणाली दादा, त्यांचे दिवस बर्फानं खाल्ले ते मी नाही भरून काढायचे तर कोणी?

पैशाचं

आता मुख्य गोष्ट, पोट भरतं का. नवीन लागलेल्या टीजीटीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये, लेव्हल ७. महागाई भत्ता जुलै २०२५ चा धरलाय, ५८ टक्के, म्हणजे २६,०४२. लडाखमध्ये विशेष कर्तव्य भत्ता मुळाच्या १० टक्के, ४,४९०. क्वार्टर नसेल तर घरभाडं भत्ता १० टक्के, तेवढाच ४,४९०. वाहतूक भत्ता १,८०० आणि त्यावर महागाई, २,८४४. बेरीज ८२,७६६. त्यातून एनपीएसचे, म्हणजे पेन्शन योजनेचे, १० टक्के, मूळ अधिक महागाईवर, ७,०९४ जातात. किरकोळ कपात सोडली तर हातात पंच्याहत्तर हजारांच्या आसपास. नव्या कर पद्धतीत एवढ्यावर आयकर लागत नाही. अवघड जागेचा वेगळा भत्ता पण असतो, पण तो नव्या दरानं आणि हा १० टक्केवाला दोन्ही एकदम मिळत नाहीत, निवडावं लागतं, जॉइन झाल्यावर क्लार्ककडे बसून दोन्ही हिशोब मांडून बघा, कोणी आपणहून सांगत नाही. पूर्ण महिना सुट्टीत गेला तर वाहतूक भत्ता मिळत नाही हेही धरून चला.

आणि एक गोष्ट जी लेक्चर बेसिसवाल्या मुलांच्या डोक्यातच येत नाही. तुमच्या ७,०९४ च्या जोडीला सरकार मूळ अधिक महागाईचे आपले १४ टक्के घालतं, म्हणजे ९,९३२ रुपये दर महिन्याला. दोन्ही मिळून सतरा हजार म्हातारपणासाठी बाजूला पडतात. गोव्यात तासावर काम केलं तेव्हा महिन्याला जे हातात यायचं त्याच्याशी हे ताडून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

खर्च मात्र आपल्यासारखा नाही. खोलीचं भाडं कमी, पण सरपण आणि कोळसा ऑक्टोबरात एकदम घ्यावा लागतो, मोठी रक्कम एका फटक्यात जाते. हिवाळ्यात भाजी मिळाली तर महाग. कपडे पहिल्याच वर्षी चांगले घ्यावे लागतात, बूट तर हलके घेऊच नका. आणि प्रवास. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून लेह, लेहला उंचीची सवय व्हायला दोन दिवस मुक्काम, मग टॅक्सी. सुट्टी सगळ्यांना एकदमच लागते म्हणून तिकिटं चढलेली असतात. बाय पगारातले पाच हजार दर महिन्याला प्रवासाच्या वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही, घरचा खर्च वेगळा, आरडी वेगळी. या खात्यानंच पुढं तिला तारलं.

मार्च २०२५

फेब्रुवारीच्या शेवटी ती लेहमार्गे परत गेली, शाळा उघडली, झोजिला नुकताच बंद झालेला. मार्चमध्ये मामी कुळागरात पाटाजवळ घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन ठरलं. भावाची नाइट शिफ्ट, मामा गांगरलेला, मी आणि माझी आई हॉस्पिटलात. बायला फोन केला तेव्हा तिकडे बर्फ पडत होतं. श्रीनगरची वाट बंदच. एएन-३२ ला हवामान नाही. राहिली लेहची वाट. शाळेनं रजा लगेच दिली, पण मास्तरांना मोठी सुट्टी असते म्हणून अर्जित रजा फारशी साठत नाही, ती जपून वापरावी लागते हेही तिला तेव्हाच कळलं. घरमालकिणीच्या दिरानं आपली गाडी काढून तिला कारगिलला सोडलं, तिथून शेअर टॅक्सी, फोटूलाच्या अलीकडे तीन तास गाड्या थांबवून ठेवलेल्या, एका बाजूनंच सोडत होते. रात्री उशिरा लेह. दुसऱ्या दिवशीचं विमान भरलेलं, त्याच्या पुढच्या दिवशी सीट मिळाली. ती वाळपईला पोचली तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. मामी ठीक होती, पण भूल उतरताना तिनं बायचं नाव घेतलं होतं आणि ते बायला कोणीतरी सांगितलं. सांगायला नको होतं.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या एका शाळेतून निरोप आला, गणिताला माणूस पाहिजे, जूनपासून, कंत्राटी, एका वर्षाचं. घरापासून वीस मिनिटं. आता काय करायचं? माझी आई म्हणाली ये परत, आईपेक्षा नोकरी मोठी नाही. भाऊ म्हणाला तुझं तू ठरव पण मी रोज शिफ्ट सोडून घरी राहू शकत नाही. मामी म्हणाली पोरीला माझ्यामुळं सोडायला लावू नका. मामा गप्प.

बाय आणि मी एका संध्याकाळी वही घेऊन बसलो. परत आली तर काय मिळेल, एका वर्षाचं कंत्राट, पगार आताच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली, पुढच्या वर्षाची हमी नाही, आणि केंद्राची नोकरी एकदा सोडली की परत मिळेल असं धरून चालता येत नाही, वय निघून जातं. राहिली तर काय लागेल, मामीजवळ दिवसभर माणूस, आणि काही झालं तर दोन दिवसांत पोचायची सोय. मामीला रोज बायच पाहिजे होती का? खरं सांगायचं तर नाही, मामीला उठवायला, न्हाऊ घालायला, व्यायाम करून घ्यायला एक खंबीर बाई पाहिजे होती, सहा महिने तरी. ती गावातच मिळाली, तिचा पगार बायच्या पगारातून सहज निघत होता. कंत्राटी पगारात तो निघालाच नसता. म्हणजे परत आली असती तर मामीची सगळी सेवा तिलाच करावी लागली असती आणि शाळाही, आणि औषधांना पैसे मामाच्या सुपारीतून. मला वाटतं लोक इथं चुकतात, जवळ असणं आणि सांभाळणं एकच समजतात. बाय परत गेली. माझी आई अजून माझ्यावर थोडी रागावलेली आहे, पण मामी सप्टेंबरपर्यंत काठी घेऊन पाटापर्यंत जायला लागली होती, चवथीची पंचखाद्यं तिनंच केली.

मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव झाला तेव्हा लेह, श्रीनगर सगळे विमानतळ काही दिवस बंद होते. ते दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. बाय रोज सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळेला फोन करायची, टीव्ही बंद ठेवा म्हणायची. हा धोका त्या जिल्ह्यात आहे, तो लपवून कोणाला पाठवू नये.

लग्नाचंही लिहितो कारण मुलींच्या घरी पहिला प्रश्न तोच असतो. केंद्राची कायम नोकरी म्हटल्यावर स्थळं आली, पण पोस्टिंग ऐकलं की मागं सरकली. एकांनी तर सांगितलं नोकरी सोडणार असेल तर बघू. मुलगा तिथं असता तर हे कोणी विचारलं असतं का? मुलाला फौजेत, बोटीवर, आखातात पाठवणारी घरं आपलीच आहेत. बायनं ठरवलंय, जो तिची नोकरी धरून विचार करेल त्याच्याशीच बोलायचं. मामीलाही ते पटलंय आता.

आता बदलीचं. अवघड ठिकाणी ठरावीक काळ काढला की बदली मागता येते आणि अशांना प्राधान्यही असतं, पण पाहिजे तिथं आपल्या विषयाची जागा रिकामी असली तरच. गोव्यात नवोदय दोनच, वाळपई आणि काणकोण, केंद्रीय विद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात गणिताची खुर्ची रिकामी होणार कधी? म्हणून तीन वर्षांत गोव्यात परत येईन असं धरून कोणी जाऊ नका. बायनं तिच्या पसंतीत गोवा पहिला टाकायचं ठरवलंय, मग कारवार, मग बेळगाव. बेळगाव मिळालं तरी चोर्ल्याच्या घाटातून दर शनिवारी घरी येता येईल. तोवर ती तिथंच आहे, यंदा दहावीचा वर्ग तिच्याकडे आहे आणि घरमालकिणीची मुलगी त्याच वर्गात.

ज्यांना ऑर्डर आलीय त्यांच्यासाठी तिनं मुद्दाम लिहायला सांगितलेल्या दोन गोष्टी. गोव्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निघायच्या आधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर पोचल्याचा फोनसुद्धा घरी करता येणार नाही. आणि जॉइन व्हायला श्रीनगरकडून जा, लेहकडून नाही, म्हणजे उंची हळूहळू चढते आणि पहिल्या दिवशी डोकं धरून बसावं लागत नाही. झोजिला चालू आहे की बंद हे मात्र निघायच्या दिवशी सकाळी परत विचारून घ्या.